मेलानिया पोतोस्मे आणि चाळीस चेहरे

मासातेपे गावात माणसांनी माणसांत कसं वागावं हे मुलांना शिकवायचं काम ज्या बाईकडे आहे, तिला स्वतःला ते आजवर जमलेलं नाही. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही. निम्म्या गावाचं तिच्या तोंडावर सांगून झालं आहे. मेलानिया पोतोस्मे त्यावर म्हणते, "म्हणून तर मला शिकवता येतं. ज्याला जन्मापासून पोहता येतं तो दुसऱ्याला काय शिकवणार? तो म्हणतो, मार उडी, आपोआप जमतं."

तिचं स्वतःचं पोहणं कसं आहे ते सांगतो. ती तुमच्याकडे आली की आलीच. तुम्ही जांभई द्या, ती म्हणेल, झोप नीट होत नाही वाटतं, आणि तिला ठाऊक असलेले सगळे काढे एकेक करून सांगेल. तुम्ही खिडक्या लावायला घ्या, ती उठून दोन खिडक्या स्वतः लावेल आणि पुन्हा झुलत्या खुर्चीत बसेल. एकदा माझ्या बायकोने शेवटचा उपाय म्हणून तिची पिशवी आणून तिच्या हातात दिली. "बरं झालं आठवण केलीस," मेलानिया म्हणाली, पिशवी मांडीवर ठेवली आणि आणखी एक कप कॉफी मागितली. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराच्या मयताला गेली तेव्हा पेटीत डोकावून म्हणाली, "किती नीटनेटके दिसतायत. जिवंतपणी असे कधी दिसले नाहीत." त्याची विधवा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मग हसल्याबद्दल रडली.

शिवाय तिला हळू बोलता येत नाही. 'हे कोणाला सांगू नका' असं ती म्हणाली की ते पार्कपलीकडे चर्चच्या पायरीवर बसलेल्यांना कळतं, आणि ते बिचारे खरंच कोणाला सांगत नाहीत, कारण सांगायला कोणी उरलेलं नसतं.

वीस वर्षं ती बालवर्गाला शिकवत होती. मग शाळेत एक खोली निघाली, ज्या मुलांचं वर्गात जमत नाही त्यांच्यासाठी. आधी तिथे मोडके बाक ठेवायचे. दुसरं कोणी ती खोली घ्यायला तयार नव्हतं, म्हणून ती मेलानियाला मिळाली. दारावर सरकारी पाटी आहे, पण गाव तिला 'मेलानियाची खोली'च म्हणतं. अकरा मुलं येतात. त्यातली बरीचशी ऑटिझमवाली. डॉक्टरांच्या कागदावर त्याचे आणखी लांब शब्द असतात. मेलानिया आयांना सोपं करून सांगते: "बाकीच्या पोरांना माणसांत वागायचे नियम हवेतून मिळतात. तुमच्या पोराला ते हातात द्यावे लागतात. एवढंच."

आणि हातात द्यायची तिची पद्धत बघण्यासारखी असते. ती गोष्टी लिहिते. एका मुलासाठी एक गोष्ट, चार पानांची, चित्रं तिनेच काढलेली, ज्यात माणसं आणि कोंबड्या यांत फरक करणं अवघड जातं. विल्डर नावाचा मुलगा होता. आमच्या गावात पत्ता कसा सांगतात? चिंच होती तिथून दोन चौक वर. ती चिंच मी शाळेत होतो तेव्हाच पडली. पण पत्ता तिथूनच. विल्डर त्या कोपऱ्यावर उभा राहायचा, चिंच नाही असं म्हणून जमिनीवर लोळण घ्यायचा, आणि वाट सांगणाऱ्याला खोटारडा म्हणायचा. मेलानियाने त्याला गोष्ट लिहून दिली: 'काही झाडं जमिनीत असतात आणि काही झाडं मोठ्या माणसांच्या डोक्यात असतात. डोक्यातली झाडं पडत नाहीत. कोणी चिंच म्हणालं तर मी विचारीन, जमिनीतली की डोक्यातली?' विल्डर आता बारा वर्षांचा आहे आणि गावात पाहुणा आला तर वाट दाखवायला त्यालाच पाठवतात, कारण तो एकटाच आहे ज्याला दोन्ही प्रकारच्या चिंचा कुठे आहेत ते माहीत आहे.

आम्हा शेजाऱ्यांनाही तिने कामाला लावलेलं होतं. दुपारी चारला आम्ही खुर्च्या काढून दारात बसतो. समोरून जाणाऱ्याने 'आदिओस' म्हणायचं आणि बसलेल्यांनी 'आदिओस' म्हणायचं, ही इथली रीत. मेलानिया आपली अकरा पोरं घेऊन गल्लीतून सहा सहा फेऱ्या मारायची, आणि आम्ही सहाही वेळा पहिल्यांदाच भेटल्यासारखं आदिओस म्हणायचं. पाचव्या फेरीला माझ्या तोंडाला कोरड पडली तर ती लांबूनच ओरडायची, "शेजारी, चेहरा. चेहरा कुठे गेला?"

या अकरांत सोचिल होती. नऊ वर्षांची. खुर्च्या बनवणाऱ्या अमान्सियोची मुलगी. आई रोसिबेल त्याच खुर्च्यांना वेताची बैठक विणते. सोचिल घरात बोलायची, पण घराबाहेर आठव्या वर्षापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. मेलानियाने वर्षभर खपून तिला बोलतं केलं. आधी दारापर्यंत, मग फुटपाथपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दोन्या तोमासाच्या, म्हणजे तोमासाबाईंच्या, दुकानापर्यंत. जूनमध्ये एका सकाळी सोचिल एकटी गेली आणि अर्धा पौंड चीज मागून घेऊन आली. आवाज मुंगीने खाकरावं तेवढा, पण मागितलं आणि मिळालं. अमान्सियोने त्या दिवशी काम बंद ठेवलं. रोसिबेलने त्या चीजला दोन दिवस कोणाला हात लावू दिला नाही, तिसऱ्या दिवशी ते मांजराने खाल्लं.

मग पुढची गोष्ट निघाली. फेब्रुवारीत शाळेचं नवं वर्ष. तिसरीच्या वर्गशिक्षिका प्रोफे इर्मा (इथे शिक्षिकेला प्रोफेच म्हणतात) म्हणाल्या, "मी घेईन तिला. पण माझ्या वर्गात छत्तीस मुलं आहेत, प्रत्येकाच्या मनात काय आहे ते मी ओळखत बसू शकत नाही. तीन गोष्टी तिने स्वतःच्या तोंडाने सांगायला हव्यात. पाणी हवं, संडासला जायचंय, समजलं नाही. नोव्हेंबरात मी येऊन बघेन. सांगितलं तर माझी." नाहीतर मेलानियाच्या खोलीत आणखी एक वर्ष, आणि त्यानंतरचं कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्या खोलीतून उशिरा निघालेली मुलं बहुतेक घरीच बसतात.

तर असं सगळं मार्गी लागलेलं असताना मेलानिया ऑगस्टमध्ये राजधानीत, मानाग्वाला, तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली. तिथून ती एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि चाळीस कार्डांचा संच घेऊन परतली. कार्डं जाड, गुळगुळीत, परदेशात छापलेली. प्रत्येकावर एक चेहरा, मागे नंबर आणि भावना. आनंद, राग, कंटाळा, मत्सर. मुलाने चेहरा बघून भावना ओळखायची, म्हणजे मग खऱ्या माणसाचीही ओळखता येते. मेलानिया इतकी हरखली की तिने कार्डं आम्हालाही दाखवली. कार्डांवरची माणसं गोरी, स्वच्छ आणि फार दमलेली वाटत होती.

"हा कसला चेहरा?" तिने मला विचारलं.

"पोटात दुखतंय."

"अपेक्षाभंग," ती म्हणाली. "बघा, पन्नाशी उलटली तरी येत नाही. म्हणून ही कार्डं."

सोचिलला कार्डं मनापासून आवडली. माणसांचे चेहरे सारखे हलतात, कार्डांवरचे हलत नाहीत. पाच आठवड्यांत तिने चाळीसच्या चाळीस पाठ केली. मेलानियाने कार्ड उचलायचं आणि सोचिलने नंबर आणि भावना सांगायची, कुजबुजत, पण एकही चूक नाही. मेलानियाने मानाग्वाला पत्र लिहिलं. पत्र तिने टपालात टाकण्यापूर्वी गल्लीत वाचून दाखवलं, त्यामुळे आम्हालाही आपण काहीतरी मिळवल्यासारखं वाटलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रोसिबेल खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात ओला वेत तसाच.

"प्रोफे, पोरगी बोलायची थांबलीय."

"कुठे थांबलीय? काल चाळीस कार्डं सांगितली."

"कार्डांशी बोलते. माणसांशी नाही. दुकानात पाठवली की रिकाम्या हाताने परत येते. परवा आली आणि हात धुऊन बसली. साबणाने, कोपरापर्यंत. मग फ्रॉकचा वास घेऊन बघितला."

"तोमासा काय म्हणते?"

"तोमासा म्हणते, पोर येते, काहीतरी पुटपुटते, मी विचारते काय पाहिजे, की पळते. म्हणाली, मी वाकडा शब्द बोलले असेन तर माझी जीभ झडो. आता तर घरी पाहुणा आला की ती आतल्या खोलीत जाते. प्रोफे, नोव्हेंबर आला."

मेलानियाने सोचिलला समोर बसवलं. नेहमीसारखंच बसवलं, गुडघ्याला गुडघा. "सोचिल, दुकानात काय झालं?"

सोचिल काहीतरी पुटपुटली.

मेलानिया पुढे वाकली. सोचिलने गठ्ठ्यातून एक कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. सतरा नंबर. किळस. त्या कार्डावर एक बाई नाक आक्रसून कशाकडे तरी बघते आहे.

"कोणाला किळस आली?"

सोचिल पुन्हा पुटपुटली. मेलानिया आणखी वाकली. सोचिलने ते कार्ड उचलून मेलानियाच्या अगदी पुढ्यात ठेवलं आणि स्वतःची खुर्ची दोन वीत मागे घेतली.

सोचिलच्या पाठीमागे एक कपाट आहे, काचेच्या दाराचं. मेलानियाने मान वर केली आणि तिला त्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं. नाक वर ओढलेलं, दोन्ही बाजूंना तीन तीन सुरकुत्या. कार्डावरच्या बाईसारखं, फक्त जास्त रुंद.

आता हे मासातेपेत कोणाला सांगायची गरज नाही, पण सांगतो. आमच्याकडे 'काय म्हणालीस?' हे तोंडाने विचारत नाहीत. ऐकू आलं नाही की नाक आक्रसतं. एकदा, चटकन. समोरचा समजतो आणि परत बोलतो. पाळण्यातल्या पोरांनाही येतं. आणि सोचिलचा आवाज मुंगीचा. म्हणजे ती जिथे जिथे तोंड उघडेल तिथे तिथे समोरच्याचं नाक आक्रसणार. जूनमध्ये तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून तिने तिकडे लक्षच दिलं नव्हतं. ऑगस्टनंतर मेलानियाने अर्थ शिकवला. दुकान, गल्ली, चर्च, जिथे ती बोलली तिथे साऱ्या गावाला तिची किळस आली. सगळ्यात जास्त वेळा मेलानियालाच, रोज सकाळी आठ ते बारा.

रोसिबेल नंतर म्हणाली की प्रोफे मेलानिया दहा मिनिटं काही बोलली नाही, आणि तिला वाटलं झटका आला.

पण मेलानिया अशी की एका नाकावर विश्वास ठेवणार नाही. ती गावभर विचारत सुटली. "तुम्ही नाक आक्रसता का?" कोणी कबूल करेना. दोन्या तोमासा म्हणाली, "मी? आमच्या घरात असलं वळण नाही." अमान्सियो करवतीवर होता. मेलानियाने विचारलं, "अमान्सियो, ऐकू आलं नाही की तू नाक आक्रसतोस का?" करवतीच्या आवाजात त्याला कळलं नाही, त्याने नाक आक्रसलं. मेलानियाने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा आक्रसलं. मग करवत बंद करून, पूर्ण प्रश्न ऐकून, छातीवर हात ठेवून म्हणाला, "कधीच नाही, प्रोफे."

पुरावा हवा म्हणून तिने फोन काढला. पण फोन समोर धरला की आमची माणसं केस नीट करतात आणि पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ होतात. त्यांना नाक आक्रसा म्हटलं तर शिंक आल्यासारखं करतात. तेव्हा मेलानियाने जन्मात केलं नव्हतं ते केलं. हळू बोलायला लागली. माणसाजवळ जायचं, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचं, त्याने नाक आक्रसलं की फोटो काढायचा. तीन दिवस हे चाललं. गावात बातमी पसरली की मेलानियाचा आवाज गेला. लोक हळहळले, खरंच हळहळले. माझ्या बायकोने आल्याचा काढा पाठवला, फादरांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज परत आला आणि तो ऐकून जे हळहळले होते तेच पुन्हा हळहळले.

सव्वीस फोटो जमले. ते घेऊन ती सोचिलकडे गेली, अमान्सियोच्या अंगणात, अर्धवट खुर्च्यांच्या मधोमध. एकेक फोटो दाखवला. "ही बघ तोमासा. हे बघ फादर. हे शेजारी. माझ्याशी बोलताना सगळे असं करतात. बघ, सव्वीस जण."

सोचिलने सगळे फोटो शांतपणे बघितले, पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग तिने मेलानियाच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि हलकेच थोपटलं.

आता सोचिल कोणाला हात लावत नाही. आईलाही स्वतःहून नाही. मेलानियाला आधी कळेचना. मग कळलं. सव्वीस माणसांना प्रोफेची किळस येते, प्रोफेला किती वाईट वाटत असेल, म्हणून ती तिची समजूत काढत होती. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं आहे की या मुलीला दुसऱ्याचं मन कळण्यात अडचण आहे. मेलानिया म्हणते, त्या कागदाच्या मागे मी हे लिहून ठेवलंय, तारखेसकट.

तेव्हा ती जमिनीवर बसली. लाकडाच्या भुशात, तिच्या चांगल्या घागऱ्यासकट.

"सोचिल, माझी चूक झाली. मी तुला चुकीचं शिकवलं."

सोचिल तिच्याकडे नाही, भुशाकडे बघत होती.

"नाक असं झालं म्हणजे इथे किळस नसते. ऐकू आलं नाही, पुन्हा सांग, एवढंच असतं. तुझा आवाज बारीक आहे म्हणून सगळे तसं करतात. कोणाला तुझी किळस येत नाही. मलाही नाही."

"कार्ड खोटं आहे?" सोचिलने विचारलं. मेलानियाचं नाक आक्रसणार होतं, तिने ते महत्प्रयासाने आवरलं आणि कान पुढे केला. सोचिल पुन्हा म्हणाली, "कार्ड खोटं आहे?"

"खोटं नाही. कार्डावरची बाई इथली नाही. तिच्या गावात तसं असेल."

सोचिलने गठ्ठ्याचं रबर काढलं. सतरा नंबर बाजूला ठेवला. उरलेला गठ्ठा पुढे केला.

"मग ही एकोणचाळीस?"

अमान्सियो तिथेच होता. तो सांगतो, प्रोफेने तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्याने पहिल्यांदाच बघितलं.

"माहीत नाही," मेलानिया म्हणाली.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. मी कोणाला विचारलंच नाही."

सोचिलने गठ्ठ्याला पुन्हा रबर लावलं. मग म्हणाली, "विचारायला हवं."

पण त्याआधी गावाने आपला हातभार लावला. मेलानियाने सगळीकडे सांगितलं होतं की पोरीसमोर नाकं सांभाळा. दुसऱ्या दिवशी सोचिल दुकानात गेली तर दोन्या तोमासाने खबरदारी म्हणून आपलं नाक दोन बोटांनी घट्ट पकडून ठेवलं. सोचिलने गठ्ठा चाळला आणि काउंटरवर कार्ड ठेवलं. अठरा नंबर. घाण वास.

मेलानिया दारातच होती. "तोमासा, नाक सोड."

"सोडलं तर हलतं, प्रोफे."

"हलू दे."

"तुम्हीच म्हणालात सांभाळा."

"मी चुकले. या महिन्यात दुसऱ्यांदा. सोड."

तोमासाने नाक सोडलं. सोचिलने सतरा नंबर काढून वर धरला. ओठ हलले. तोमासाचं नाक, सवयीचं गुलाम, लगेच आक्रसलं. सोचिल त्या नाकाकडे बघत राहिली. मग छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "हे 'काय म्हणालीस' आहे की किळस आहे?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चौघांनाही ऐकू गेलं.

तोमासा पाघळली. "काय म्हणालीस आहे गं, माझ्या राणी. ऐकू येत नाही मला. गेल्या सालापासून डावा कान गेलाय, कोणाला सांगितलं नाही."

आता सांगितलं होतं. सोचिलने पेन्सिलने कार्डाच्या मागे 'किळस' खोडलं, 'ऐकू आलं नाही' लिहिलं आणि पुढचं कार्ड काढलं.

तिथून जे सुरू झालं त्याने आमचा नोव्हेंबर नासला आणि तसा नोव्हेंबर पुन्हा यावा असं मला वाटतं. सोचिल रोज दुपारी कार्डं घेऊन निघायची, मागे मेलानिया, आणि सोचिल एकेकाला विचारायची. जो चेहरा दिसेल त्याचा हिशोब द्यावा लागे. मला म्हणाली, "तुमच्या भुवया वर गेल्या. अकरा नंबर, आश्चर्य. कशाचं?" मी म्हटलं, कशाचं नाही, ऊन डोळ्यांवर येतंय. तिने लिहून घेतलं. मी नाक आक्रसलं की ती पुन्हा बोलायची, आधीपेक्षा मोठ्याने. दिवसाला शंभर नाकं, शंभर वेळा पुन्हा. तिचा आवाज कसा मोठा होत गेला ते मोजायला कोणी बसलं नव्हतं. पण एका दुपारी अमान्सियोने करवत थांबवली आणि रस्त्याच्या पलीकडे, पाचव्या घरात, आपली मुलगी कोणाला तरी विचारते आहे की तुम्हाला राग आलाय की दात दुखतोय, हे त्याला आपल्या अंगणात ऐकू आलं. त्याने करवत पुन्हा लावली नाही. दात दुखत होता हेही त्याने ऐकलं.

बावीस नंबरने मात्र घोटाळा केला. पुढे काढलेले ओठ: प्रेम. आणि आम्ही मासातेपेवाले बोटाने कधी काही दाखवत नाही, ओठ पुढे काढून दाखवतो. तोमासाने 'साबण तिकडे' म्हणून ओठ फळीकडे केले.

"तुमचं साबणावर प्रेम आहे?" सोचिलने विचारलं.

"एकतीस वर्षं संसार झाला," तोमासा म्हणाली, "प्रेमाबद्दल मला कोणी विचारलं नाही. आणि आता विचारलं तर साबणाबद्दल."

साबणापर्यंत ठीक होतं. पण फादरांनी रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळी उशिरा आलेल्या माणसाला रिकामी जागा दाखवायला ओठ चौथ्या बाकाकडे केले होते, आणि चौथ्या बाकावर आमच्या त्या सुताराची विधवा बसली होती. सोचिलने ते ध्यानात ठेवलं होतं. मेलानियाच्या लक्षात येईपर्यंत प्रश्न विचारून झाला होता, चर्चच्या पायरीवर, नव्या मोठ्या आवाजात. फादर लाल झाले. "हे कोणतं?" सोचिलने मेलानियाला विचारलं. मेलानिया म्हणाली, "हे कार्डांत नाही." ते खरं नव्हतं, नऊ नंबर होता, लाज, पण एवढं तारतम्य तिला त्या दिवशी कुठून तरी आलं.

महिनाअखेरीस चाळीसपैकी चौदा कार्डं खोडून पुन्हा लिहिली होती, आणि सहांच्या मागे सोचिलने लिहिलं होतं: 'प्रत्येकाचं वेगळं. विचारा.'

प्रोफे इर्मा ठरल्याप्रमाणे आल्या, शेवटच्या गुरुवारी सकाळी. मेलानियाने त्यांना काही सांगितलं नव्हतं, ही इर्मांची अट होती. रोसिबेल आणि अमान्सियो बाहेर भिंतीला लागून उभे. मी खिडकीपाशी, कारण ती खिडकी रस्त्यावर उघडते आणि रस्ता सगळ्यांचा आहे.

इर्मा टेबलापलीकडे बसल्या. धिप्पाड बाई, गोड बोलायची सवय नसलेली. सोचिल उभी. नवी बाई, नवी खुर्ची, आणि बाहेरून भोंगा वाजवत फळांची गाडी चाललेली. सोचिलचा आवाज पुन्हा जूनमधल्यासारखा झाला. ओठ हलले, बस.

इर्मांचं नाक आक्रसलं.

भिंतीपाशी रोसिबेलने अमान्सियोचा दंड पकडला. मेलानिया कपाटाजवळ उभी होती आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. सोचिल इर्मांच्या नाकाकडे बघत होती. गाडी पुढे गेली. सोचिल अजून बघतच होती.

"हे 'ऐकू आलं नाही' आहे की तुम्हाला मी आवडले नाही?"

इर्मांनी पेन खाली ठेवलं. "ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. मग बहुधा त्यांना वाटलं की या मुलीला पूर्ण उत्तर द्यावं. "आवडलीस की नाही ते अजून ठरलं नाही. आत्ता तर भेटतोय आपण."

"बरोबर," सोचिल म्हणाली. "मला पाणी हवं."

इर्मांनी पाणी दिलं. सोचिलने ते पिऊन पेला ठेवला.

"संडासला जायचं असेल तर?" इर्मांनी विचारलं.

"आत्ता जायचं नाही."

"समजा जायचं असेल."

"समजा कशाला?" सोचिल म्हणाली. "हे मला समजलं नाही."

बाहेर अमान्सियो हळूच म्हणाला, "दोन झाल्या." रोसिबेल म्हणाली, "गप."

इर्मांनी वही पुढे ओढली. "वर्गात तू रोज असंच विचारणार? माझ्या तोंडावर काय आहे, काय नाही?"

"कळेपर्यंत."

"मग पहिल्या बाकावर बस," इर्मा म्हणाल्या आणि वहीत नाव लिहिलं. "तिसरी संडासची गोष्ट वेळ येईल तेव्हा बघू. प्रोफे मेलानिया, तोंडावरचे हात काढा, निळ्या पडताय."

फेब्रुवारीत पहिल्या दिवशी बाराला आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो, रोसिबेल, मेलानिया आणि मी. मला तिथे काही काम नव्हतं. पोरं बाहेर पडली, छत्तीस, आणि मागून सोचिल, दप्तर पोटावर धरून. रोसिबेलने विचारलं नाही, नुसती बघत राहिली. मेलानियाने अर्थातच विचारलं.

"पाणी एकदा," सोचिल म्हणाली. "संडास एकदा. समजलं नाही चार वेळा."

"चार?" मेलानिया म्हणाली. "चौथ्यांदा इर्मा काय म्हणाली? चिडली?"

"नाही. गणित होतं. तिलाही समजलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी पुस्तक बघितलं."